लातुरातली बिनमार्कांची शिकवणी

रविवार, ५ जानेवारी २०२५

येळवस, म्हणजे रानात जेवायची वेळ अमावस्या, होऊन आठवडा झाला तरी मार्केट यार्डात अजून तीच बोलणी. कुणाच्या रानात भज्जी कशी झाली, आंबील किती आंबली होती, कोण कोण जेवायला आलं. मी आडत दुकानात मुनीम आहे. दिवसभर पट्ट्या लिहायच्या. माल किती, वजन किती, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय. यंदा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि सौदा निघतोय त्याच्या कितीतरी खाली. पट्टी हातात देताना समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

रविवारी यार्ड बंद असतं. सकाळी दहा ते बारा मी वाचनालयात असतो. तिथे मोठ्या माणसांसाठी लेखनाचा वर्ग चालतो. फी नाही, फॉर्म नाही, सर्टिफिकेट नाही. वर्ग घेणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्यात. वाचनालयाने मागची खोली दिली आहे, त्यात एक लांब टेबल आणि बाकडी.

लातुरात ‘मी शिकवणीला जातो’ म्हटलं की लोक दचकून बघतात. या शहरात शिकवणी म्हणजे नीट, जेईई. चौकाचौकात टॉपर लेकरांचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. बाहेरगावची हजारो लेकरं इथे खोल्या करून राहतात, आईबाप त्यासाठी जमिनीचा तुकडा विकतात. शिकायचं म्हणजे पैसे भरायचे आणि निकालाची वाट बघायची, हे इथल्या हवेतच आहे. अशा गावात पन्नाशीच्या माणसाला वही घेऊन बसता येईल आणि कुणी त्याला नंबर लावणार नाही, अशी एक खोली आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणून ही रोजनिशी इथे टाकतो आहे.

वर्गाचे नियम थोडे आहेत. नव्या माणसाला वाचायची सक्ती नाही. कुणी वाचलं की ‘छान’, ‘अप्रतिम’ म्हणायचं नाही. ऐकणाऱ्याने दोन गोष्टी करायच्या. लक्षात राहिलेलं एक वाक्य परत म्हणून दाखवायचं आणि जे समजून घ्यावंसं वाटलं त्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. बस, एवढंच. पण हे पाळायला सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, कारण आपल्याकडे कौतुक करायची किंवा चुका काढायची सवय आहे, विचारायची नाही.

आजचा अभ्यास: आपल्या गल्लीतली दारं एकेक करून लिहा.

रविवार, १९ जानेवारी

आज काकांनी वाचलं.

काका औसा तालुक्यातले, किल्लारीजवळच्या गावचे. सत्तरी ओलांडली आहे. नातवाच्या शिकवणीसाठी ते आणि काकू इथे खोली करून राहतात. काकू स्वयंपाक बघतात, काका पोराला सोडतात, आणतात. रविवारी नातू टेस्टला बसतो तेवढ्या वेळात काका वर्गाला येतात. बरेच आठवडे नुसते ऐकत होते. कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘‘ऐकूलालो की मी.’’

त्यांनी ज्या गल्लीबद्दल लिहिलं ती गल्ली आता नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना ती गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसं उशिरा निजली होती. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यात काकांचंही होतं.

काकांच्या पानावर भूकंप हा शब्द एकदाही आला नाही. चावडीकडून मारुतीच्या देवळाकडे जाताना उजव्या हाताची दारं त्यांनी ओळीने लिहिली होती. पहिलं सुताराचं, त्याच्या उंबऱ्यापुढे कायम भुसा. दुसरं चुलत्याचं, वर माळवदावर सांडगे वाळत घातलेले आणि राखणीला बसवलेलं एखादं पोर. तिसरं दार दिवसभर लोटलेलं, कारण त्या घरातल्या म्हातारीचे डोळे आले की महिनामहिना बरे व्हायचे नाहीत. चौथ्या दाराची कडी काढली की पाचव्या घरातलं कुत्रं भुंकायचं. असं करत करत देऊळ आलं. तिथे पान संपलं.

पानावर एकही उपमा नव्हती. काका एका सुरात, सातबारा वाचावा तसं वाचत होते. आम्ही कुणी हललो नाही.

मग नियमाप्रमाणे वाक्यं. बहुतेकांना कडी आणि कुत्रं राहिलं होतं. एसटीत ड्रायव्हर असलेले एक जण आहेत, त्यांनी प्रश्न विचारला, ‘‘काका, भिंती केवढ्या होत्या?’’

काकांनी दोन्ही हात पसरले. ‘‘एवढ्या. दगडाच्या, आत माती. उन्हाळ्यात मटक्यात बसल्यागत गार लागायचं.’’

पुढे ते बोलले नाहीत. सांगायची गरजही नव्हती. मातीत रचलेल्या त्याच रुंद भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद कोसळून त्या भागात हजारो माणसं दबून गेली, हे लातूर जिल्ह्यात लहान पोराला माहीत आहे. बाई फक्त एवढं म्हणाल्या, ‘‘हे आत्ता जे सांगितलंत, ते दुसऱ्या घराच्या जागी लिहा.’’ काकांनी लगेच पेन काढलं आणि टेबलावर वाकून लिहायला लागले. बाकीच्यांचं वाचन पुढे चालू राहिलं, ते लिहीतच होते.

घरी येताना माझ्या डोक्यात हेच होतं. त्या भूकंपावर वर्तमानपत्रांनी लिहिलं, इंजिनिअरांनी लिहिलं, सरकारी अहवाल झाले. ते सगळं लागतंच. पण कोणत्या दारानंतर कोणतं दार होतं हे काकांच्या डोक्यातच राहिलं होतं, आणि एवढ्या वर्षांत त्यांना कुणी ते विचारलं नव्हतं. दर सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी माणसं जमतात, भाषणं होतात. विचारायला मात्र असं एक टेबल लागलं, आणि शेजारी बसलेला एक ड्रायव्हर.

रविवार, २ फेब्रुवारी

अभ्यासिकेतला एक मुलगा आता आमच्यात येऊन बसतो. एमपीएससीची तयारी करतोय. काकांची पानं त्याने मोबाईलवर टाईप करून दिली. म्हणाला, दिवसभर दुसऱ्याने ठरवलेली उत्तरं पाठ करून डोकं शिणतं, इथे बरं वाटतं.

ग्रंथपालांशी थोडं बोललो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली राज्यातल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान त्या वर्गाप्रमाणे मिळतं. छोट्या वाचनालयाच्या अनुदानातून पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि पगार हे सगळं भागवायचं असतं. रविवारी ते दार उघडतात ते स्वतःच्या सुट्टीत. आमच्या वर्गाला पैसे पडत नाहीत म्हणजे ते कुणीतरी सोसतंय, हे मला रोज दिसतं. आमच्यातल्या दोघांनी आता महिन्यातून एकदा पुस्तकांची धूळ झाडायचं आणि फाटलेल्या पुठ्ठ्यांना कापडी पट्टी लावायचं काम अंगावर घेतलं आहे.

तिथेच बी. रघुनाथांचा विषय निघाला. परभणीचे. निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून होते. दिवसा फायली आणि बाकीच्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. १९५३ साली गेले तेव्हा वय अवघं ४०. राज्यकारभार उर्दूत चालायचा त्या काळात मराठवाड्यातला एक कारकून मराठीत एवढं लिहून गेला. दिवसभर आकडे मांडणाऱ्या माणसाला यातून बळ येतं. मला तरी येतं.

रविवार, २३ फेब्रुवारी

दिल्लीत तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं साहित्य संमेलन आज संपलं. अध्यक्ष डॉ. तारा भवाळकर. त्यांचं सगळं आयुष्य लोकसंस्कृतीच्या, बायकांच्या तोंडी साहित्याच्या अभ्यासात गेलं, म्हणून आमच्या वर्गातल्या बायकांना त्या अध्यक्ष झाल्याचा फार आनंद.

आज आशाताईंचं वाचन त्याच अंगाने गेलं. ताई आशा वर्कर आहेत, तेच त्यांचं नाव पडलंय. सासूबाईंच्या ओव्या लिहून घ्यायच्या असं त्यांनी दिवाळीपासून मनात धरलं होतं. पण म्हातारीला समोर बसवून ‘म्हणा’ म्हटलं की एक ओवी आठवत नाही. ‘‘कामून आठवना बाई,’’ म्हणून तीच कष्टी व्हायची. शेवटी ताईंनी माळ्यावरचं जातं खाली काढलं, धुतलं, दोन पायल्या तूर पुढे ठेवली. खुंटा हातात आला, दोन फेरे झाले आणि ओव्या यायला लागल्या. भावाच्या, माहेरच्या, विठ्ठलाच्या. एक तर अशी की जी सासूबाईंनाही आपल्याला येते हे माहीत नव्हतं. जातं थांबलं की ओवीही थांबायची.

ताईंनी नुसत्या ओव्या लिहून आणल्या नाहीत. जातं कुठे अडलं, कुठे म्हातारीने श्वास घेतला, कोणत्या ओवीला त्या सुनेकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या, तेही टिपलं. बाईंनी आजच्या पूर्ण तासाला दुसरं काही घेतलं नाही. जनाबाई आपल्या गंगाखेडची, तिच्याही आधीपासून दळताना गाण्याची ही रीत चालत आली आहे, आणि आता घरोघरी गिरणीचं पीठ. पुढच्या पाच-दहा वर्षांत ज्या म्हाताऱ्या जातील त्यांच्या ओव्या त्यांच्याबरोबर जातील. हे काम विद्यापीठाची वाट बघत थांबू शकत नाही. सुना, लेकी, नाती, जिला अक्षर येतं तिने वही घेऊन बसावं. मी ताईंना तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, ‘‘भाऊ, आधी तुमच्या आईला विचारा.’’ आज रात्री गावाकडे फोन करणार आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा गौरव दिन. संध्याकाळी दुकान लवकर आवरून कार्यक्रमाला गेलो. गेल्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे यंदाची सगळी भाषणं त्यावर. नंतर कविसंमेलन. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, शाली यात पहिला दीड तास गेला, आणि शेवटच्या कवींची पाळी आली तोवर माणसं उठायला लागली होती. शेवटून दुसरा जो पोरगा होता त्याची ऊसतोडीवरची कविता खरोखर चांगली होती. बीडकडचा असावा. कोयत्याची मूठ हिवाळ्यात कशी लागते ते त्याने सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला गाठून ते वाक्य परत म्हणून दाखवलं आणि विचारलं, मूठ कशाची असते, कोण बसवून देतं? तो पाच मिनिटं भरभरून बोलला.

असे कार्यक्रम बंद व्हावेत असं मला अजिबात वाटत नाही. उदगीरला एप्रिल २०२२ मध्ये ९५ वं संमेलन झालं तेव्हा भर उन्हात लोटलेली गर्दी आणि पिशव्या भरून पुस्तकं नेणारी खेड्यातली माणसं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. तेवढी पुस्तकं एका जागी आमच्या भागाला एरवी बघायला मिळत नाहीत. पण मंचावर माणूस लिहायला शिकत नाही. तिथे तयार झालेलं ऐकवायचं असतं. तयार व्हायची जागा वेगळी लागते, आणि ती मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांत फार कमी आहे. एका संमेलनाच्या मांडवाला जो खर्च येतो त्याच्या लहानशा तुकड्यात किती वाचनालयांच्या मागच्या खोल्या रविवारी उघड्या ठेवता येतील, याचा हिशोब आयोजकांनी एकदा मांडून बघावा. मांडायला मी येतो, ते माझं रोजचं काम आहे.

रविवार, २ मार्च

बाईंनी आज नवलेखक अनुदान योजनेची माहिती दिली. साहित्य आणि संस्कृती मंडळाची ही योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखित पाठवायचं, तज्ज्ञ वाचतात, पसंत पडलं तर प्रकाशनाला मदत मिळते. आशाताईंच्या डोळ्यांत लगेच चमक आली. बाईंनी घाई करू नका म्हणून सांगितलं. आधी शेजारपाजारच्या आणखी म्हाताऱ्यांकडे जा, मग बघू.

काका डाव्या हाताच्या दारांवर आले आहेत. ती बाजू त्यांना कमी आठवते, म्हणून त्यांनी गावाकडे तिघांना फोन लावले. दोघांचं एका घरावरून जमेना, की तिथे आधी दुकान होतं की गोठा. आता ते रविवारनंतर गावी जाऊन सगळ्यांना पारावर एकत्र बसवणार आहेत. नातवाची परीक्षा मे महिन्यात आहे, त्यानंतर खोली सोडायची. काकांना काळजी पडली आहे की वर्ग सुटणार.

बाईंचं उत्तर तयार होतं. उन्हाळ्यानंतर त्यांना निलंग्यात आणि औशात एकेक वर्ग उभा करायचा आहे. औशाला टेबल काका सांभाळतील, लिहायला शिकवायचं नाही, फक्त नियम पाळून घ्यायचे. काका आधी नाही म्हणाले, मग म्हणाले बघतो. निलंग्याला पहिले काही रविवार बाईंबरोबर मी जाणार आहे. तिथल्या वाचनालयाशी बोलणं झालंय, खोली आहे, पंखा नाही. पंखा यार्डातल्या आमच्या शेठजींकडे मागून बघतो. दुकानाच्या वरच्या खोलीत एक जुना पडून आहे, वाइंडिंग केलं की चालेल.