सहा फुटी टँक आणि 'उद्या देतो की'

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ॲडव्हान्स दिला, एप्रिल संपता संपता माशांचा टँक घरात आला. मधल्या काळात त्या काचवाल्याला किती फोन केले ते माझा मोबाईलच सांगेल. 'उद्या देतो की सर' हे आता मला झोपेतही ऐकू येतं.

सुरुवात माझ्याच चुकीनं झाली, ते कबूल. पोराच्या हट्टापायी दोन-दोन इंची दोन ऑस्कर मासे आणले. सोबत एक फ्लॉवरहॉर्न, कारण त्याच्या डोक्यावरचं टेंगूळ आईला भारी आवडलं. दुकानदाराला विचारलं, हे एकत्र राहतील का? "सगळे सिक्लिडच आहेत, भाऊ-भाऊ." (सिक्लिड म्हणजे माशांचं एक कुळ.) आणि तीन फुटी टँक पुरेल? "टँक जेवढा, तेवढाच मासा वाढतो."

हे साफ खोटं. ऑस्कर पहिल्या वर्षी महिन्याला इंचभराच्या हिशेबानं वाढतो आणि फूटभर होतो. छोट्या टँकमध्ये वाढ खुंटलीच, तर ती घाण पाण्यानं खुंटते. आणि भाऊ म्हणाल तर भाऊच ते, पण वाटणीवरून कोर्टात गेलेले. सहाव्या महिन्यात फ्लॉवरहॉर्ननं धाकट्या ऑस्करची अर्धी शेपटी फाडली. फ्लॉवरहॉर्न हा नदीतला मासा नव्हेच, १९९०च्या दशकात मलेशियात संकरातून काढलेला. त्याला एकट्यालाच ठेवायचं. ऑफिसातल्या एकाकडे चार फुटी टँक रिकामा होता, तिकडे दिला. जखमी ऑस्कर बॅरलमध्ये गेला.

मग हिशेब मांडला. एक घनफूट म्हणजे २८ लिटर. माझा तीन फुटी जेमतेम १६० लिटरचा. एका मोठ्या ऑस्करला पावणेतीनशे तरी लागतात, जोडीला पावणेपाचशे. पुढं आणखी कुणी घालायचं तर ६ × २ × २ फूट, म्हणजे ६८० लिटर. तेवढी ऑर्डर दिली, १२ एमएम काच. जुळे सोलापुरात आमचं घर तळमजल्यावर आहे म्हणून बरं. पाण्यासकट टँक आठ क्विंटलच्या घरात जातो, स्टँड आणि दगड वेगळे.

पहिला आठवडा: काच पुण्याहून यायचीय. दुसरा: काच आली, कारागीर गावाला गेला. तिसऱ्या आठवड्यात स्वतःच जाऊन बसलो. टँक तयार! सिलिकॉनचा तो व्हिनेगरसारखा वास, कडा चकाचक. मला काय आनंद झाला! सहज म्हणून टेप लावला, तर रुंदी दीड फूट.

"अहो, दोन सांगितली होती."

"पाणी तेवढंच मावतंय की सर, उंची हाय ना."

तेवढंच कसं मावेल? १७० लिटर कमी! त्यापेक्षा चीड रुंदीची आली. ऑस्कर फूटभर लांब झाला की त्याला वळायला जागा लागते. उंची आपल्याला बघायला छान, माशाला लांबी-रुंदी पाहिजे. मी तिथंच अर्धा तास भांडलो. शेवटी तो म्हणाला, ठीक हाय, पण पट्ट्या परत कापाव्या लागतील. म्हणजे तळ, दोन्ही बाजू, सगळं नवं. आणखी दोन आठवडे 'उद्या'. घरी बॅरलमधल्या माशाचं पाणी मी रोज बादलीनं बदलतोय आणि आई विचारतेय, "त्याला जेलात किती दिवस ठेवणार?"

म्हणून सांगतो, माप लाकडी पट्टीवर खुणा करून त्याच्या हातात द्या आणि काच कापायच्या दिवशी तिथं हजर राहा. टँक आल्यावर लगेच मासे सोडू नका. सिलिकॉन आठवडाभर वाळू द्या, मग भरून दोन दिवस गळती बघा. स्टँडवर, टँकच्या तळाखाली थर्माकोल विसरू नका, मी विसरलो होतो आणि चौघांना परत बोलवावं लागलं.

बाकी सोपं गेलं. जुन्या टँकचा मळका स्पंज तसाच नव्या फिल्टरमध्ये घातला, त्यातले जिवाणू माशांच्या घाणीतला अमोनिया सांभाळतात. तो नळाखाली कधी धुऊ नका, क्लोरीननं जिवाणू मरतात. टँकच्याच पाण्यात पिळा. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून दोनशे लिटर कायम उघड्या बॅरलमध्ये साठवून ठेवतो. क्लोरीन उडतो आणि आठवड्याचा पाणीबदलही होतो. तोच बॅरल, हो.

सोबतीला कोण? तोंडात मावेल तो मासा म्हणजे खाऊ, एवढं धरून चाला. एंजल मासा नको. सहा सिल्व्हर डॉलर मासे आणि एक सकर (काचेला तोंडानं चिकटणारा मासा) घातलाय, तेही मोठे बघून. मलावी सरोवरातले आफ्रिकन सिक्लिड यांच्यात मिसळू नका, त्यांची तऱ्हाच वेगळी. आणि खायला जिवंत गोल्डफिश टाकायची हौस नको. त्यांच्यातल्या थायमिनेज नावाच्या एन्झाइममुळं मोठ्या माशाला बी१ जीवनसत्त्व कमी पडतं, शिवाय रोग येतो.

धाकट्याची शेपटी भरून आली. दोघं मिळून मी मांडलेले दगड रोज स्वतःच्या मनासारखे लावतात. ऑस्कर उड्या मारतो, त्यामुळं वर झाकण हवंच. त्याचेही पैसे मी मार्चमध्येच दिलेत. तूर्त खिडकीची जुनी जाळी टाकून वर दोन विटा ठेवल्यात. झाकण उद्या मिळणार आहे.