ब्रेक क्षणभर सुटतो म्हणून एनएचटीएसएकडे (अमेरिकेतली वाहन सुरक्षेची सरकारी संस्था) तक्रार केली – माझा अनुभव

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सी. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली. थंडी सरत आली की इथे रस्त्यांची चाळण होते. फेब्रुवारीत लेकीला डे-केअरमधून आणत होतो, पुढे सिग्नल लाल म्हणून हळूहळू ब्रेक दाबत होतो आणि चाक खड्ड्यावरून गेलं तशी गाडी एकदम सुटल्यासारखी पुढे गेली. पाय पेडलवरच होता. सेकंदभरात ब्रेक परत लागला पण पुढची गाडी हातभर अंतरावर होती आणि लेक मागे गाणं म्हणत होती, तिला काहीच कळलं नाही, माझे मात्र घरी येईपर्यंत हात थरथरत होते.

डीलरकडे नेली. स्कॅनमध्ये एरर कोड नाही, पॅड चांगले, कागदावर लिहून दिलं की प्रॉब्लेम आढळला नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा टेक्निशियनला शेजारी बसवून त्याच खड्ड्यावरून तीनदा गाडी नेली, तिसऱ्यांदा त्यालाही जाणवलं. तर म्हणे हायब्रिडमध्ये असं होतं, नॉर्मल आहे. मी म्हटलं हेच शब्द कागदावर लिहा. लिहिले त्याने, आणि पुढे तोच कागद उपयोगी पडला.

मग रात्री बसून वाचलं. हायब्रिडमध्ये हलका ब्रेक मारला की बरंचसं काम मोटर करते, त्यातून बॅटरी चार्ज होते. खड्ड्यावर चाक घसरलं की एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, मधे पडते, मोटरचं ब्रेकिंग सुटतं आणि नेहमीचा ऑइलचा ब्रेक सूत्रं घेतो, ह्या हस्तांतरात जरा फट राहिली की गाडी सुटल्यासारखी वाटते. टोयोटाच्या हायब्रिडला, २०१० च्या प्रियसला, हेच झालं होतं. एनएचटीएसएने २०१० च्या फेब्रुवारीत चौकशी उघडली तेव्हा त्यांच्याकडे तक्रारी होत्या १२४. फक्त १२४! आणि काही दिवसांत रिकॉल निघून, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावून, एबीएसचं सॉफ्टवेअर बदललं गेलं. माझी गाडी दुसऱ्या कंपनीची आहे, पण तो आकडा वाचला आणि त्याच रात्री एनएचटीएसएच्या साइटवर तक्रारीचा फॉर्म उघडला.

त्यात गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख नंबर, द्यायचा; तो अक्षरं-आकडे मिळून १७ चा असतो, ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली. बायको टॉर्च घेऊन खाली गेली आणि फोनवर वाचून दाखवत होती, "अरे हा ओ आहे का झीरो?" व्हीआयएनमध्ये ओ नसतोच, आय आणि क्यू पण नसतात, म्हणजे झीरोच. तारीख, स्पीड, किती मैल चाललेली, अपघात झाला का, कोणाला लागलं का, सगळं विचारतात. वर्णनात मी राग काढला नाही, स्पीड किती होता, पेडल किती दाबलेलं, खड्डा कुठल्या चाकाखाली आला, किती वेळ ब्रेक नव्हता एवढंच लिहिलं, आणि डीलरचे दोन्ही कागद जोडले. शेवटी तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा. नाव-पत्ता काढून तक्रार सगळ्यांना दिसेल अशी साइटवर टाकतात. तुमचं आणि डीलरचं भांडण ते सोडवत नाहीत हे आधीच माहीत असू द्या, सारख्या तक्रारी जमल्या की ते चौकशीचं बघतात.

माझ्या मॉडेलच्या तक्रारी चाळल्या तर खड्डा, हलका ब्रेक, गाडी सुटली, अगदी हेच आणखी काही जणांनी लिहिलेलं. रिकॉल अजून नाही, व्हीआयएन टाकून दर महिन्याला बघतो.

शेजारच्या काकांची गाडी हीच. ते दोन वर्षं म्हणत होते की ब्रेक कधीकधी पोकळ लागतो, पण तक्रार कुठेच नाही. गेल्या रविवारी चहा ठेवला, त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं आणि मी टॉर्च घेऊन त्यांच्या गाडीपाशी गेलो.