तात्या विंचूच्या मधोमध बारसं

पाचवा भाग कुठे अडकलाय असं विचारून विचारून तुम्ही लोकांनी माझं डोकं खाल्लंय, आणि ते बरोबरच आहे म्हणा, कारण गणपतीत टाकतो म्हणालो होतो आणि आता दिवाळीचा चिवडापण मऊ पडला. तर कुठे अडकला? बारशात. खरंच. पण ते असं एका शब्दात सांगून मजा नाही, सुरुवातीपासून सांगतो.

नवीन आलेल्यांसाठी: मी महेश कोठारेंच्या जुन्या सिनेमांवर व्हिडिओ बनवतोय. पाच सिनेमे, पाच भाग. धुमधडाका (१९८५), दे दणादण (१९८७), थरथराट (१९८९), धडाकेबाज (१९९०) आणि झपाटलेला (१९९३). दिवसा लोअर परळला ऑफिस, रात्री करी रोडच्या घरात हे उद्योग. एडिटिंग मामेभाऊ करतो, तो डोंबिवलीला, त्यामुळे आमच्या हार्ड डिस्कचा लोकलचा प्रवास माझ्यापेक्षा जास्त झालाय. पैसे शून्य. आई दर दोन दिवसांनी विचारते, "अजून ते लक्ष्याचंच चाललंय का?"

सुरू केलं तेव्हा वाटलेलं की अवघड काम लिहिण्याचं. सिनेमे काय, पाठच आहेत. माझेच नाही, सगळ्यांचेच पाठ आहेत, ऑफिसच्या लिफ्टमध्ये नुसतं 'ओम फट् स्वाहा' म्हणा, मागे उभा असलेला अनोळखी माणूस हसतो. पण पाठ असणं वेगळं आणि लोकांना दाखवायला धड कॉपी हातात असणं वेगळं. सिनेमा सगळ्यांच्या डोक्यात आहे, कपाटात कुणाच्याच नाही.

ऑनलाइन जे मिळालं ते धुरकट, म्हणून मी आधी फोर्टचे फूटपाथ आणि मग चोर बाजार पालथा घातला आणि जुन्या व्हीसीडी गोळा केल्या. आता व्हीसीडी म्हणजे काय तर सीडीवर भरलेला सिनेमा, चित्र ३५२ बाय २८८ पिक्सेल, आजच्या मोबाईलवर मूळ साइजमध्ये लावलं तर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसेल. एका डिस्कवर जेमतेम ७४ मिनिटं मावतात म्हणून एका सिनेमाच्या दोन-तीन डिस्क. त्यात माझ्या धुमधडाकाच्या खोक्यात दुसरी डिस्क गजानन महाराजांच्या भजनांची निघाली, ती आईने ठेवून घेतली, परत मागायची सोय नाही. बाकीच्यांवर कोपऱ्यात कंपनीचा लोगो, खाली फोन नंबरची सरकती पट्टी, आणि सुरुवातीचं सेन्सॉर सर्टिफिकेट कापून टाकलेलं. तुम्हाला वाटेल त्या कागदाचं काय एवढं, पण त्यावर तारीख असते, रिळं किती, लांबी किती मीटर हे सगळं असतं, म्हणजे पुढे कुणी किती कापलंय ते पकडायची ती एकमेव मोजपट्टी, आणि नेमकी तीच गायब.

मग आवाजाचं प्रकरण. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मामेभावानेच शोधलं. सिनेमा शूट होतो सेकंदाला २४ फ्रेमने, आपला टीव्ही चालतो २५ ने. तर जुन्या काळी टीव्हीसाठी कॉपी काढताना सरळ सिनेमाच थोडा जोरात पळवायचे. ४ टक्के. अडीच तासाचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो, कुणाच्या लक्षातही येत नाही, पण आवाज सगळ्यांचे वर चढतात, अर्ध्या सुरापेक्षा थोडे कमी. आम्ही क्लिप ९६ टक्क्यांवर आणली आणि लक्ष्या बोलला, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. आवाज खाली होता. जरा जाड, जरा दमलेला. म्हणजे आयुष्यभर आपण टीव्हीवर जो लक्ष्या ऐकला, ज्याची नक्कल गॅदरिंगमध्ये करून बक्षिसं घेतली, तो चार टक्के खोटा होता! मी तो खरा आवाज दुसऱ्या भागात वापरला आणि खाली पहिलीच कमेंट काय, तर 'लक्ष्याचा आवाज का बिघडवलात?' त्यानंतर अजून बावीस जणांनी तेच लिहिलं. एकाने तर लिहिलं की बालपणाची वाट लावली. तिसऱ्या भागात मी गपचूप चार टक्के परत चढवले. चौथ्यात परत उतरवले, कारण झोप लागेना.

चौथा भाग म्हणजे धडाकेबाज, त्याचं दुःख वेगळंच. सिनेमास्कोपमधला हा पहिला मराठी सिनेमा. त्या काळात मराठीत ते धाडस करणं म्हणजे काय हे सांगण्यासाठीच मला अख्खा भाग करायचा होता, आडवं पसरलेलं चित्र, एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला तो, मधली मोकळी जागा. आणि माझ्या हातातली कॉपी चौकोनी! टीव्हीच्या चौकटीत बसवायला दोन्ही बाजू छाटलेल्या. रुंदी-उंचीचं प्रमाण २.३५ ला १ चं १.३३ ला १ केलं की हिशोबाने ४३ टक्के चित्र गेलं. म्हणजे मी स्क्रीनवर येऊन सांगणार 'बघा किती रुंद सिनेमा आहे' आणि मागे दिसणार अर्धा माणूस, ज्याच्याशी तो बोलतोय त्याचं फक्त नाक. शेवटी आम्ही चौकोनी क्लिपच्या दोन्ही बाजूंना काळी जागा मोकळी सोडली, बरोबर जेवढी छाटलीय तेवढी, आणि पूर्ण दीड मिनिट तशीच चालवली. काही न बोलता. मला ते मालिकेतलं सगळ्यात चांगलं दीड मिनिट वाटतं, लोक कुठपर्यंत बघतात त्याचा ग्राफ म्हणतो की तिथेच सगळ्यात जास्त लोक पळाले.

रेकॉर्डिंगचं रडगाणं फार लांबवत नाही, मुंबईत राहणाऱ्याला कळेल. रूळ खिडकीपासून हाकेच्या अंतरावर. शेवटची लोकल गेली की पहिली यायच्या आत जेवढं बोलता येईल तेवढं, कपाटात बसून, डोक्यावर गोधडी घेऊन. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावरचा पाऊस आणि संध्याकाळी ढोल-ताशाची प्रॅक्टिस. उन्हाळ्यात साडेतीनलाच कोकीळ. दुसऱ्या भागात ११ मिनिटं ४० सेकंदांना जी शिट्टी येते ती इफेक्ट नाही, खालच्या काकूंचा कुकर आहे. काका सकाळच्या शिफ्टला जातात.

आता क्लेम. जिथे आपण सगळेच व्हिडिओ बघतो तिथे मशीनच जुळवणी करतं, कुणाच्या मालकीचं चित्र किंवा गाणं सापडलं की क्लेम लागतो, मग जाहिरातीचे पैसे त्यांचे किंवा व्हिडिओच बंद. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, एवढं मला आता झोपेतही सांगता येतं. स्ट्राइक म्हणजे चॅनेललाच मिळणारी ताकीद, ९० दिवसांत तीन बसले तर अख्खा चॅनेल जातो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी थोडा भाग वापरायची मुभा आहे, पण मशीनला कलम कळत नाही, मशीनला फक्त जुळलं की नाही एवढंच कळतं. आपण हरकत घ्यायची, समोरच्याकडे उत्तर द्यायला ३० दिवस. तीस दिवस तुमचा व्हिडिओ लटकलेला.

पहिल्या भागात तर कहर झाला होता. धुमधडाका मुळात तमिळवरून आलेला, दिग्दर्शक श्रीधर यांचा 'कादलिक्क नेरमिल्लै' (१९६४), मग त्यांनीच हिंदीत केलेला 'प्यार किये जा' (१९६६), आणि मग कोठारेंचा. सिनेमा काढायचं खूळ घेतलेला मुलगा तमिळमध्ये नागेश, हिंदीत मेहमूद, आपल्याकडे लक्ष्या. तिघांना शेजारी शेजारी लावलं की कळतं लक्ष्याने कुणाचीच कॉपी केलेली नाही, तो बापाला गंडवत नाही, त्याला स्वतःलाच ते खरं वाटतंय. नऊ सेकंद. तीन चौकटी, नऊ सेकंद, आणि रात्रीत तीन दिशांनी तीन क्लेम. लोक सल्ला देतात की चित्र उलटं कर, झूम कर, कडेला फुलं लाव, मशीन फसतं. बरोबर आहे, फसतं, पण मग ज्या चेहऱ्याबद्दल मी बोलतोय तोच आरशात दाखवायचा? नाही केलं. चुकलोही असेन.

तर झपाटलेला. माझा मुद्दा असा की लोक फटकन म्हणतात, ते तर इंग्रजी 'चाइल्ड्स प्ले'वरून उचललंय. कल्पना तिथलीच, १९८८ ची, कुणी नाही म्हणत नाही. पण तिथला बाहुला दुकानात मिळणारं खेळणं आहे, आपला बाहुला बोलका बाहुला आहे. तो रामदास पाध्येंनी बनवला, म्हणजे ज्यांच्या घरात वडिलांपासून, यशवंत पाध्यांपासून अर्धवटराव हा बोलका बाहुला आहे त्या माणसाने. शब्दभ्रमाच्या बाहुल्याचा जबडा कसा उघडतो हे आपण सगळ्यांनी लहानपणी स्टेजवर नाहीतर टीव्हीवर बघितलंय, तो कुणाच्या तरी हातात असतो हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आणि म्हणून तो हाताशिवाय बोलायला लागतो तेव्हा जास्त टरकते. त्यात दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. हे दाखवायला मला जबडा दिसायला हवा ना? व्हीसीडीवर जबडा म्हणजे चार ठिपके. रात्रीचे सीन तर पूर्ण चौकोन-चौकोन होऊन फुटतात.

मामाकडे माळ्यावर व्हीएचएस, म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट होती. टीव्हीवर लागला तेव्हा रेकॉर्ड केलेली, वर मामाच्या अक्षरात 'झपाटलेला, पुसू नये'. व्हीएचएस काही फार स्पष्ट नसते, पण तिथे चित्र मऊ होतं, फुटत नाही, अंधार अंधारासारखाच राहतो. टेपला मात्र पांढरी बुरशी. लॅमिंग्टन रोडजवळ एक म्हातारे रिपेअरवाले आहेत, त्यांनी कॅसेट उजेडात धरली आणि म्हणाले, "ही अशीच लावलीस तर व्हीसीआरचं हेड जाईल, मग रडत येशील." स्क्रू काढून, टेप हाताने फिरवत, इंच-इंच पुसून दिली. मामाच्या व्हीसीआरचा बेल्ट गेलेला तोही त्यांनीच कुठूनतरी बसवला. व्हीएचएस कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणजे शॉर्टकट नाही, सिनेमा जेवढा तेवढा वेळ बसायचं. रविवारी दुपारी लावली, आई मटार सोलत शेजारी. मध्ये जुन्या जाहिराती, त्या बघून ती सिनेमापेक्षा जास्त खूश.

आणि बाहुला रात्री उठतो तिथे, ज्या जबड्यासाठी हा सगळा खटाटोप केला बरोबर तिथे, स्क्रीन थरथरला, निळा झाला, आणि एकदम पिवळा उजेड. पाळणा. झिरमिळ्या. बायका. आईच्या हातातला मटार तसाच राहिला.

"अगं बाई, हे तर याचं बारसं!"

याचं म्हणजे मामेभावाचं. कुणीतरी 'पुसू नये' न वाचता त्या कॅसेटवर बारसं उतरवून ठेवलं होतं, अकरा मिनिटं, आणि घरात गेली कित्येक वर्षं सगळे धरून चाललेले की ते शूटिंग हरवलं. आजी पाळण्याच्या अलीकडे, आई पलीकडे, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', गोपाळ झोपेत. बारा वाजल्यासारखा चेहरा करून मामा कोपऱ्यात. मग परत थरथर, आणि थेट पोलीस धावतायत.

फाइल मी डोंबिवलीला पाठवली, काही न सांगता. आमची सवय अशी की आलेली फाइल आधी अख्खी ९६ टक्क्यांवर न्यायची आणि मग बघायची. रात्री सव्वाबाराला फोन.

"दादा, आजीचा आवाज चुकीचा येतोय."

मला दोन मिनिटं काही कळेना. मग डोक्यात प्रकाश पडला. बारसं व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेलं, ते मुळातच २५ ने आहे, त्याला हळू करायचं कारण नव्हतं. आजी जाऊन नऊ वर्षं झाली आणि ती आमच्यामुळे जडजड, दारू प्यायल्यासारखी गोविंद घ्या म्हणत होती. "चार टक्के काढ," मी म्हणालो. त्याने काढले, फोन तसाच स्पीकरजवळ धरला. बरोबर होता. तशीच घाई, 'घ्या'चा 'घ्याऽ'. नंतर आम्ही बराच वेळ व्हिडिओ फाइल लहान करणाऱ्या कोडेकबद्दल बोललो.

जबड्याचा शॉट गेला तो गेलाच. मग ठरलं की भागात तिथे बारसंच लावायचं, बारा सेकंद, जसं टेपवर आहे तसं, थरथर-निळा-पाळणा-थरथर. या मालिकेला एवढा वेळ का लागतो हे मी बोलून सांगण्यापेक्षा ते बरं. मामीची परवानगी घेतली, तिची अट एकच, तिचा क्लोजअप नको कारण तेव्हा केस नीट नव्हते. आजीच्या बारा सेकंदांत मामीचा फक्त कोपर दिसतो.

गेल्या गुरुवारी भाग अपलोड केला, अजून कुणाला दिसणार नाही असा, क्लेम येतात का बघायला. तात्या विंचूला काही नाही. बाकीच्या क्लिपांना काही नाही. क्लेम एक, ९ मिनिटं १४ सेकंदांवर, गाण्याचा. बारशात मागे टेपरेकॉर्डर चालू होता. कुठलं गाणं ते आम्हाला ऐकूही येत नव्हतं, मशीनला आलं.

हरकत घेतलीय, तीस दिवस मोजतोय. आजीचा आवाज आणि ते गाणं वेगळं करता येत नाही, मामेभावाने तीन सॉफ्टवेअर लावून बघितली. मामीला फोन करून सांगितलं तर ती भडकली, म्हणाली, "अरे कॅसेट आम्ही दुकानातून विकत आणलेली होती, बिल दाखव म्हणावं त्यांना, मी शोधते."