लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती आणि आपली जुनी घडी

लिब्रेऑफिस या लेखन-हिशेबाच्या मोफत प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवण्याचे पुष्कळ जण टाळतात, आणि त्यांची धास्ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. नीट लावून घेतलेले देवनागरी फॉन्ट, शब्दकोशात हळूहळू भरलेली नावे-आडनावे, पत्रांचे नमुने, टूलबारची मांडणी हे सारे एका फटक्यात जाईल, असे त्यांना वाटत असते. प्रत्यक्षात प्रोग्राम आणि आपली सेटिंग्ज संगणकावर वेगवेगळ्या ठिकाणी राहतात, आणि नवी आवृत्ती बसवताना बदलतो तो फक्त प्रोग्राम.

सेटिंग्जच्या जागेला ‘यूजर प्रोफाइल’ म्हणतात. विंडोजवर ॲपडेटातील ‘रोमिंग’मध्ये लिब्रेऑफिस, त्यात ‘4’ आणि त्यात ‘यूजर’ असे फोल्डर सापडतात; ॲपडेटा लपवलेला असल्यामुळे तो सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. गोंधळ होतो तो त्या 4 मुळे. 2013 मध्ये 4.0 आली तेव्हापासून हा आकडा तसाच आहे. पुढे 5, 6, 7 या मालिका आल्या, 2024 पासून वर्ष-महिन्याचे क्रमांक सुरू होऊन 24.2 आली, तरी फोल्डर 4 च राहिला, आणि म्हणूनच नवी आवृत्ती जुनी सेटिंग्ज आपसूक उचलते. जुन्या आवृत्तीचा कचरा समजून तो पुसणाऱ्याचे मात्र खरोखरच सारे जाते.

या फोल्डरातील मुख्य फायलीत सगळी सेटिंग्ज नसतात. मूळ सेटिंगपेक्षा आपण जे वेगळे केले तेवढेच तिच्यात नोंदलेले असते. त्यामुळे ज्याला आपण कधी हात लावला नाही ते नव्या आवृत्तीप्रमाणे बदलते आणि जे बदलले होते ते आपल्या मनाप्रमाणे राहते. टूलबारचे तसे नाही. एखादा टूलबार आपण बदलला की तो संपूर्णच आपल्या प्रोफाइलमध्ये साठवला जातो, म्हणून नव्या आवृत्तीने त्याच टूलबारवर दिलेली नवी बटणे तेथे दिसत नाहीत. सुधारणा कुठेच दिसत नाही, अशी तक्रार करण्यापूर्वी तो टूलबार मूळ स्थितीत आणून पाहावा.

नवी आवृत्ती बसवण्यापूर्वी लिब्रेऑफिस पूर्ण बंद करून ‘यूजर’ फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी, एवढी खबरदारी पुरते. मात्र काही बिघडले तर ती प्रत सबंध परत ठेवण्याच्या मी विरुद्ध आहे, कारण बिघाड बहुधा मुख्य फायलीत किंवा नव्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या एखाद्या एक्स्टेंशनमध्ये (वरून जोडलेल्या जादा सोयीत) असतो आणि प्रतीबरोबर तोही परत येतो. त्याऐवजी ‘मदत’ मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे आपली सेटिंग्ज बाजूला ठेवून चालणाऱ्या स्थितीत, जावे (ही सोय 2017 च्या 5.3 पासून आहे), तेथे प्रोफाइल मूळ स्थितीत आणावे आणि मग जुन्या प्रतीतून कष्टाने जमवलेले तेवढेच उचलावे: ‘वर्डबुक’मधील शब्दकोश, ‘ऑटोकर’मधील स्वयंदुरुस्तीच्या जोड्या, ‘ऑटोटेक्स्ट’मधील साठवलेले मजकुराचे तुकडे आणि ‘टेम्प्लेट’मधील नमुने. फॉन्ट आणि भाषा पुन्हा निवडायला फार वेळ लागत नाही. शेकडो आडनावे पुन्हा भरणे ही शिक्षा आहे. शब्दकोशाची फाइल तर साधा मजकूर असते, एका ओळीत एक शब्द, त्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडता येते. स्वयंदुरुस्तीच्या फायली भाषेनुसार वेगळ्या असतात, तेव्हा मराठीची आणि इंग्रजीची अशा दोन्ही आठवणीने घ्याव्यात.

जुनी आवृत्ती न काढता नवी नुसती पाहायची असेल, तर तिला वेगळे प्रोफाइल द्यावे लागते, नाहीतर दोन्ही त्याच 4 मध्ये लिहू लागतात. प्रोग्राम सुरू करण्याच्या आदेशात ‘यूजरइन्स्टॉलेशन’ या पर्यायापुढे दुसऱ्या फोल्डरचा पत्ता दिला की नवी आवृत्ती त्या रिकाम्या जागेत नव्याने सुरू होते आणि जुन्या प्रोफाइलला धक्का लागत नाही.