लेपाची परीक्षा क्षारयुक्त द्रावणात

वैद्यकीय वापरासाठीच्या चुंबकीय नॅनोकणांमध्ये मला गाभ्यापेक्षा लेप अधिक महत्त्वाचा वाटतो. मॅग्नेटाइट या लोहाच्या ऑक्साइडच्या सुमारे 10 नॅनोमीटरच्या कणांवरील बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढले की त्यांचे एकंदर चुंबकत्व उरत नाही. तरीही व्हॅन डर वाल्स आकर्षण (अगदी जवळ आलेल्या कणांमधली नैसर्गिक ओढ) त्यांना एकत्र ओढतच असते, आणि ते थोपवणे हे लेपाचे काम आहे. सायट्रेटच्या (सायट्रिक आम्लापासून बनलेल्या आयनांच्या) लेपामुळे कणांना ऋण भार मिळतो आणि शुद्ध पाण्यात ते छान विखुरलेले राहतात. परंतु रक्ताइतके क्षार असलेल्या द्रावणात त्या भाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच ओसरू लागतो आणि कणांच्या गुठळ्या होऊ शकतात. म्हणूनच केवळ शुद्ध पाण्यातील झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागाजवळच्या विद्युत भाराचा निर्देशक) दाखवून केलेला स्थैर्याचा दावा मला अपुरा वाटतो. डेक्स्ट्रान किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या भाराविनाही कणांना दूर ठेवतात, मात्र त्या पृष्ठभागाशी घट्ट बांधलेल्या असाव्या लागतात. कर्बोदकाचा लेप असलेल्या लोह-ऑक्साइड नॅनोकणांच्या फेरुमॉक्सिटॉल या औषधाला अमेरिकेत 2009 मध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातील रक्तक्षयासाठी मान्यता मिळाली. पुढे गंभीर ॲलर्जीच्या घटनांमुळे 2015 मध्ये त्याच्या माहितीपत्रकातील इशारा अधिक कडक करावा लागला.