एका ‘बी’ची खाडाखोड

मी भाषांतराचं काम करते. करार, माहितीपत्रकं, यंत्रांच्या पुस्तिका असं काहीबाही रोज हाताखालून जातं आणि संध्याकाळी त्यातलं एक वाक्यही आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं, कारण त्यातला एक शब्द मी स्वतःच्या हातानं खोडला होता.

एका कारखान्यात रात्रपाळीत टाकी भरून वाहिली होती. कुणाला इजा झाली नाही, पण माल बराच वाया गेला आणि चौकशी बसली. जबाब मराठीत घेतलेले, तर समितीतल्या दोघांना आणि वकिलांना मराठी येत नव्हतं. 14 पानं आमच्याकडे भाषांतराला आली, आणि समितीपुढे दुभाषी म्हणूनही मीच जायचं ठरलं.

पहिला खर्डा आमच्याकडच्या नव्या मुलीनं केला, तपासायला मी बसले. तिचं इंग्रजी चांगलं आहे, पण सवयी आपल्या सगळ्यांच्याच. ‘ही टोल्ड दॅट’ पाच-सहा ठिकाणी सापडलं. टेल या क्रियापदाला दॅटच्या आधी माणूस लागतो: टोल्ड मी दॅट, टोल्ड द ऑपरेटर दॅट. सेचं उलट. त्याला माणूस थेट चिकटत नाही, मध्ये टू घालावा लागतो. आपल्या ‘सांगणे’ला माणूस असला काय नि नसला काय, दोन्ही चालतं, म्हणून आपली गल्लत होते. एक्स्प्लेन तर त्याहून तऱ्हेवाईक. समजावून सांगायचं म्हणजे समोर कुणीतरी हवंच, तरीही ‘एक्स्प्लेन्ड मी दॅट’ चूक. आणि इन्फॉर्म माणसाशिवाय जागचं हलत नाही. अर्थावरून हे ओळखता येईल असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. एकेका क्रियापदाचा स्वभाव माणसांच्या स्वभावासारखा ध्यानात ठेवायचा, बस्स.

तर मी लाल पेनानं भराभर दुरुस्त्या करत चालले होते. हात बसलेला होता, आणि तिथंच घात झाला.

शिफ्ट इन्चार्जच्या जबाबात वाक्य होतं: ‘पाळी सुरू होताना मी आग्रहानं सांगितलं की बायपासचा व्हॉल्व्ह बंद पाहिजे.’ मुलीनं लिहिलं होतं: ‘आय इन्सिस्टेड दॅट द बायपास व्हॉल्व्ह बी क्लोज्ड.’ सगळी पानं भूतकाळात, वॉज, हॅड, वेंट, आणि मध्येच हा उघडाबोडका बी. मी तो खोडला आणि वर वॉज लिहिलं. यात दोन सेकंदही गेले नसतील.

समितीपुढे शिफ्ट इन्चार्ज माझ्या शेजारी बसले होते. पन्नाशीचे, शांत गृहस्थ. वकिलांनी पान उघडलं, बोट ठेवलं आणि विचारलं. मी ते मराठीत सांगितलं: “बायपासचा व्हॉल्व्ह बंद होता असं तुम्ही ठासून सांगितलंत. तो उघडा सापडला. मग तुम्ही तो स्वतः पाहिला होता का?”

ते गोंधळले. “बंद होता असं मी कुठं म्हणालो, मॅडम? बंद पाहिजे म्हणालो.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. वकिलांनी चष्मा काढला. म्हणजे तुम्ही जबाब बदलताय का, असा त्यांचा पुढचा प्रश्न. तो मराठीत आणताना माझी जीभ जड झाली, कारण तोवर समोरच्या पानावरचं वॉज मला दिसलं होतं.

इन्सिस्ट हे दोन तोंडांचं क्रियापद आहे. एका तोंडानं ते ‘अमुक व्हायला हवं’ असा हट्ट धरतं, दुसऱ्यानं ‘अमुक असंच आहे’ असं ठासून सांगतं. मराठीत त्यासाठी शब्दच वेगळे: आग्रह धरणं निराळं, छातीठोकपणे सांगणं निराळं. इंग्रजीत क्रियापद एकच, दॅटही तोच, आणि कोणतं तोंड बोलतंय हे कळतं ते दॅटनंतरच्या क्रियापदावरून. बी क्लोज्ड म्हणजे बंद असायला हवा. वॉज क्लोज्ड म्हणजे बंद होता. मुलीचं वाक्य बरोबर होतं. पाळीच्या सुरुवातीला बजावून सांगणाऱ्या माणसाला मी न बघता ग्वाही देणारा माणूस करून टाकलं होतं.

सजेस्टचंही असंच. ‘सजेस्टेड दॅट ही लीव्ह’ म्हणजे त्यानं निघावं असं सुचवलं. ‘सजेस्टेड दॅट ही लेफ्ट’ म्हणजे तो निघून गेला असावा असं सूचित केलं. डिमांडला मात्र मागणी करण्यापलीकडे दुसरं काही येतच नाही, त्यामुळे तिथं चूक झाली तरी ती व्याकरणाचीच राहते, माणूस अडकत नाही. अमेरिकेत हा नुसता बी सर्रास चालतो. ब्रिटिश लेखनात बऱ्याचदा शुड बी लिहितात, आणि काही ब्रिटिश तर आग्रहाच्या अर्थानंही सरळ वॉज वापरतात. या शेवटच्या गोष्टीचा आधार घेऊन मला सुटता आलं असतं. मनात तो विचार येऊन गेला, हे कबूल करते. पण समोर बसलेले वकील ते वाक्य कसं वाचत होते ते मी डोळ्यांनी पाहत होते.

दुभाष्यानं कामात स्वतःच्या वतीनं बोलायचं नसतं. बोलावंच लागलं तर ‘मी’ म्हणायचं नाही, स्वतःला ‘दुभाषी’ म्हणायचं. मी म्हणाले, दुभाषी समितीला कळवू इच्छिते की भाषांतरात चूक आहे. (इन्फॉर्मनंतर ‘द कमिटी’ विसरले नाही. असल्या वेळीही डोक्याचा एक कोपरा व्याकरण तपासत बसतो.) चूक जबाब देणाऱ्यांची नाही, तपासणाऱ्याची आहे, मूळ मराठी वाक्य असं असं आहे. समितीच्या अध्यक्षांनी मूळ प्रत मागवली, शेजारच्या मराठी जाणणाऱ्या सदस्याला वाचायला लावली आणि तासभराची सुटी दिली. तेवढ्यात सगळे जबाब पुन्हा ताडून द्या, म्हणाल्या.

मुलीला फोन करून बोलावलं. दोघी व्हरांड्यात बाकावर बसलो. मी तिला सांगितलं, तुझा बी मी खोडला. ती म्हणाली, “ताई, मला वाटलं तुमचंच बरोबर असणार.” याला काय उत्तर द्यायचं?

पुन्हा वाचताना आणखी एक काटा लागला. ऑपरेटर म्हणाला होता: ‘व्हॉल्व्ह उघडा असेल असं मला वाटलं नाही.’ खर्ड्यात होतं ‘डिड नॉट रिअलाइज दॅट द व्हॉल्व्ह वॉज ओपन’, आणि त्यावर माझी बरोबरची खूण. वाचायला गोड वाक्य. पण रिअलाइजमध्ये दॅटनंतर जे येतं ते खरंच मानलं जातं, वाक्य नकारार्थी केलं तरी. ‘त्याच्या लक्षात आलं नाही’ म्हटलं की व्हॉल्व्ह उघडा होता हे बोलणाऱ्यानं मान्यच केलं. थिंक असं काही पदरात घेत नाही. ‘डिड नॉट थिंक’ म्हणजे वाटलं नाही, मग प्रत्यक्षात उघडा असो की बंद. रिअलाइजसारख्या क्रियापदांना फॅक्टिव्ह म्हणतात. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांच्या 1970 मधल्या लेखानंतर हे नाव रुळलं. नाव मला माहीत होतं, तरी खूण माझीच होती. ऑपरेटर तिथून गेला तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता की नंतर कुणी उघडला, याच्यावरच तर चौकशी चालली होती, आणि आम्ही त्याच्या तोंडून निकाल देऊन मोकळ्या झालो होतो.

मदतनीसाच्या जबाबातली ‘तो म्हणाला की मी बघून आलो’ ही मेख आम्ही आधीच काढून घेतली होती. आपल्या कीनंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे येऊ शकतात, त्यामुळे तो ‘मी’ ऑपरेटर की मदतनीस, हे ऐकणाऱ्यानं प्रसंगावरून ओळखायचं. दॅटला हे खपत नाही. त्याच्यानंतर ‘ही’ लिहायचं की ‘आय’, ते ठरवावंच लागतं. विचारून घेतलं होतं, ऑपरेटरच निघाला.

‘सेड ऑन मंडे द पंप वॉज रिपेअर्ड’ या वाक्यात दॅटच नव्हता. बोलताना तो गाळला तरी कुणी अडत नाही. इथं मात्र सोमवारी सांगितलं की सोमवारी दुरुस्त केलं, हे कळेना. मुलीनं मूळ प्रत पाहून दॅट मंडेच्या नंतर घातला. सांगितलं सोमवारी.

‘क्लेम्ड दॅट’ तीन ठिकाणी होतं. मुळात सगळीकडे साधं ‘म्हणाला’. क्लेम लिहिलं की खोटं बोलतोय असा वास येतो. तिन्ही खोडली, यावेळी दोघींनी मूळ वाचून.

तासाभरानं नव्या प्रती आत गेल्या. इन्सिस्टच्या वाक्यात मी शुड बी लिहायला निघाले होते, म्हणजे पुन्हा कुणाचा हात त्यावर पडायला नको. मुलगी म्हणाली, “ताई, नुसता बी पुरेल की.” पुरला असताच. तरी मी शुड ठेवला, आणि तिनं तोंड वाकडं केलं ते मला दिसलं.

सही करण्याआधी शिफ्ट इन्चार्जना वाक्य मराठीत वाचून दाखवलं.

“हां, हे मी म्हणालो होतो,” ते म्हणाले. मग पेन हातात घेऊन थांबले. “आधीचं कुणी लिहिलं होतं?”

“मी.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. सही केली, पेनाला टोपण लावलं आणि पुढचं पान सावकाश उलटून म्हणाले, “हेही वाचून दाखवा.”