ही होडी उलटत नाही का?

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर मी शीड उभारू लागलो की कोणीतरी फिरता फिरता थांबतो, होडीच्या कडेवर हात ठेवून ती जराशी हलवून पाहतो आणि विचारतो, "काका, एवढी हलकी होडी, ही उलटत नाही का?" तेरा फुटांची ही फायबरची शिडाची होडी मीच आखली आणि एका सुताराच्या मदतीने बांधली हे कळल्यावर तर त्या प्रश्नात थोडी काळजीही मिसळते. तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून आज सविस्तर उत्तर देतो. ही होडी उलटते, आणि ती उलटणार हे धरूनच तिची आखणी केलेली आहे.

पूर्वीच्या गलबतांत माल नसला की तळाशी धोंडे भरत असत. त्या भाराला नीरम म्हणत. मोठ्या शिडाच्या बोटींत हेच काम बुडाखाली खोलवर बसवलेले शिसे किंवा लोखंड करते, त्यामुळे बोट कलली तरी तो भार तिला परत सरळ करतो. माझ्या होडीला असे वजन लावले असते तर तिला मीटरभर तरी पाणी लागले असते. काजळी नदी जिथे समुद्राला मिळते त्या मुखाशी वाळू साचते आणि ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी राहते, हे रत्नागिरीकरांना सांगायला नको. शिवाय अशी होडी चार माणसांना पुळणीवर ओढून आणता आली नसती. आपल्या लहान होड्यांना पूर्वापार उलांडी, म्हणजे बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेले तरंगते लाकूड, असते आणि तिची युक्ती मला अजूनही थक्क करते; पण उलांडी एकाच बाजूला असल्यामुळे एका बाजूच्या वाऱ्यात ती पाण्यात दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूच्या वाऱ्यात पाण्याबाहेर उचलली जाते. खाडीच्या अरुंद पात्रात सारखे वळत वाऱ्यावर चढायचे, म्हणजे वारा येतो त्या दिशेने पुढे जायचे असेल, तर हा फरक नवशिक्याला गोंधळात टाकतो.

मग राहिली रुंदी आणि माणसाचे स्वतःचे वजन. रुंद होडी सुरुवातीला कलायला तयार नसते, म्हणून ती पाहणाऱ्याला सुरक्षित वाटते. परंतु एका मर्यादेपलीकडे कलली की ती झटकन पालथी होते आणि पालथी झाल्यावरही तितक्याच ठामपणे पालथी राहते. अरुंद होडी सतत डुलते, पण निदान आधी सूचना देते. मी दोन्हींच्या मध्ये, दीड मीटरच्या आसपास थांबलो. ऑलिंपिकमध्ये दिसणारी लेझर ही होडी 4.23 मीटर लांब असून तिचे शीड सात चौरस मीटरांच्या थोडेसे वर आहे, आणि तिचा रिकामा सांगाडा 60 किलोंच्या आत भरतो. माझी होडी 90 किलोंची आहे, कारण ती शर्यतीसाठी नसून वाळूवरून ओढली जाण्यासाठी आहे.

फायबर आपोआप तरंगते हा गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तिचे लाकूड तरंगते. काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचा थर पाण्याच्या साधारण दीडपट जड असतो, त्यामुळे फायबरची होडी भरली की सरळ तळाला जाते. नव्वद किलोंचा सांगाडा बुडालेल्या अवस्थेत साठेक लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे तीसेक किलो वजन उरते. त्यात डोलकाठी, दोऱ्या आणि कडेला लोंबकळणारी दोन माणसे आली. म्हणून आत हवाबंद कप्पे हवेतच. ते मी अडीचशे लिटरांचे ठेवले आहेत आणि झाकणांवर विश्वास नसल्यामुळे त्यांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या बुचे घट्ट करून भरल्या आहेत. या बाटल्यांवरून माझी पुष्कळ थट्टा होते, पण कप्प्याला चीर गेली तरी सगळ्या बाटल्या एकदम भरत नाहीत.

हे कप्पे कुठे ठेवायचे, यात माझी मोठी चूक झाली. पहिल्या होडीत मी ते सगळे दोन्ही कडांना दिले होते, कारण तिथे बसायलाही सोय होत होती. एका दुपारी वायव्येचा वारा वाढला आणि होडी आडवी झाली. कडेचा फुगलेला कप्पा तिला पाण्यावर इतका उंच धरून राहिला, की बुडाची फळी माझ्या हाताला लागेना. ही फळी बुडातून खाली पाण्यात उतरते, होडीला आडवे सरकू देत नाही आणि उलटलेली होडी तिच्यावरच वजन टाकून सरळ करायची असते. वर आलेल्या बुडावर वारा भरला आणि माझ्या पोहण्यापेक्षा वेगाने ती दूर जाऊ लागली. मी पोहोचेपर्यंत ती पुरती पालथी झाली होती आणि डोलकाठीचे टोक चिखलात रुतले होते. ओहोटी चालू असल्यामुळे ते दर मिनिटाला अधिकच रुतत होते. शेवटी राजिवड्याच्या एका मच्छीमाराने दोर टाकून मला सोडवले आणि दिवसभर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, हे त्याचे मोठेपण.

दुसऱ्या, म्हणजे आताच्या होडीत कडेचे कप्पे निम्म्याहून लहान केले आणि बाकीची हवा नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, व मागच्या टोकाला नेली. आता ती आडवी पडली की खाली बसते, फळी छातीच्या उंचीवर येते आणि पन्नास किलोंचे मूलही तिच्यावर उभे राहून होडी सरळ करू शकते. डोलकाठीची ॲल्युमिनियमची नळी दोन्ही टोकांना फोमने बंद केल्यामुळे ती काही वेळ पाण्यावर तरंगते आणि पालथे होणे लांबते. याची किंमतही आहेच: सरळ झालेली होडी पूर्वीपेक्षा जास्त पाणी घेऊन वर येते आणि डब्याने ते बराच वेळ उपसावे लागते. तळ पाण्याच्या पातळीच्या वर उचलला असता तर पाणी आपोआप निघून गेले असते, पण मग माणसेही उंच बसली असती आणि होडी अधिक लवकर कलली असती.

फळी सरळ खाली खुपसण्याची न ठेवता खिळ्याभोवती फिरणारी ठेवली आहे, म्हणजे वाळूला लागली की मोडण्याऐवजी मागे उचलली जाते. सुकाणूचे पातेही तसेच. फळीच्या खाचेत मात्र बारीक शिंपले अडकतात आणि ऐन वेळी ती खाली येत नाही. त्यावर मला अजून समाधानकारक उपाय सापडलेला नाही. सध्या एक जुनी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन ते उकरतो.

फायबरचे काम मी दिवाळीनंतर धरतो, कारण पावसाळ्याच्या दमट हवेत रेझिन नीट पिकत नाही. सपाट तळ पायाखाली लपलपतो, म्हणून तिथे दोन पातळ थरांच्या मध्ये फोम घातला आहे. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, आणि वजन फारसे वाढत नाही.

तुम्ही मुलीला शिकायला पाठवणार असाल तर सकाळी भरती असेल त्या दिवशी पाठवा, जमिनीकडून येणारा मतलई वारा पडल्यावर आणि दुपारचा वारा सुटण्याआधी. पहिल्या दिवशी शीड उभारून पुरेशा खोल पाण्यात आम्ही होडी मुद्दाम उलटवतो. फळी आधी पूर्ण खाली सोडलेली आहे ना, एवढे तिने स्वतः पाहायचे असते.